मक्ता कापू नका

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)



मी शेंदूरजनाघाटचा. सातपुड्याच्या पायथ्याशी, वरुड तालुक्यात, मध्य प्रदेशच्या हद्दीला लागून असलेले हे गाव. संत्र्यांसाठी आणि त्याहूनही जास्त संत्र्यांच्या कलमांसाठी ओळखले जाते. तिथे राहून मी मराठीत गझला लिहितो. घरात आम्ही वऱ्हाडी मिसळलेली उर्दू बोलतो, दाराबाहेर वऱ्हाडी, आणि कागदावर ही आपली मराठी. 'गाण्यांची चोरी' या विषयावर बोला, असा निरोप आला तेव्हा मला जरा हसू आले. ज्याच्या घराला दारच नाही त्याला चोरांबद्दल काय विचारता? पण मग वाटले, या विषयावर कंपन्या बोलल्या, वकील बोलले, नामांकित गायक बोलले, पोलीसही बोलले. गाण्यातले शब्द ज्याचे असतात तो सहसा बोलत नाही, कारण त्याला कोणी विचारत नाही. तेव्हा आज मी त्याच्या बाजूने बोलणार आहे.

आधी ही चोरी म्हणतात ती कशी असते ते पाहू. पन्नाशी ओलांडलेल्या श्रोत्यांना 'कॅसेट भरून मिळेल' ही पाटी आठवत असेल. १९८० नंतर आमच्या भागात जवळपास प्रत्येक मोठ्या गावात असे एखादे दुकान होते. आपण कोरी कॅसेट आणि गाण्यांची यादी द्यायची, दुकानदार दोन कप्प्यांच्या टेपवर इकडची गाणी तिकडे उतरवायचा. साठ मिनिटांच्या कॅसेटमध्ये बारा-तेरा गाणी बसत आणि शेवटचे गाणे हमखास अर्ध्यात तुटे. आमच्या पिढीला कितीतरी गाण्यांचे शेवटचे कडवे ठाऊकच नाही. हे शेवटचे कडवे जरा लक्षात असू द्या, पुढे त्याचे काम पडणार आहे.

मग सीडी आली, आणि २००८-१० च्या सुमारास मेमरी कार्ड आले. एस. टी. स्टँडजवळच्या मोबाइलच्या दुकानांवर पुठ्ठ्याची पाटी लागली, 'कार्ड भरून मिळेल'. दहा-वीस रुपयांत शे-दोनशे गाणी. काउंटरवरच्या कॉम्प्युटरमध्ये वेगवेगळे कप्पे केलेले असत. जुनी गाणी, लग्नाची गाणी, भीमगीते, कव्वाली, भजने, आणि 'डीजे' नावाचा एक कप्पा, ज्याच्याबद्दल मी काही बोलत नाही. संत्रातोडीच्या हंगामात मजूर बाया-माणसे कामावर निघण्याआधी तिथे रांग लावून उभी असत. दिवसभर बागेत झाडावर मोबाइल टांगलेला आणि त्यात ही गाणी. त्या दुकानातल्या एका पोराला मी एकदा सहज विचारले, हे जे तू विकतोस ते तुझे आहे का? तो म्हणाला, "चाचा, म्या काय कोनाच्या घरातून उचलून आनलं काय? ज्याचं गानं होतं थे त्याच्यापाशी हायेच ना अजून?"

हा प्रश्न वाटतो तेवढा उडाणटप्पू नाही. गाय चोरली की गोठा रिकामा होतो. पाकीट मारले की खिसा रिकामा होतो. गाणे उतरवून घेतले तर कोणाचे काय रिकामे झाले? मोठमोठे कायदेपंडित या प्रश्नाशी झगडत आले आहेत आणि तो त्या पोराने कार्ड रीडरमध्ये कार्ड खुपसता खुपसता विचारला.

आमच्या गावात तर या प्रश्नाची अर्धी बाजू शेतात उभी आहे. संत्र्याचे कलम म्हणजे दुसरे काय असते? जंबेरीचे रोप घ्यायचे, चांगल्या मातृवृक्षाच्या फांदीवरचा डोळा काढायचा आणि त्या रोपावर भरायचा. तो डोळा फुटला की मूळ झाडाची हुबेहूब नक्कल तयार. एका झाडाची हजार झाडे झाली तरी मूळ झाड जागेवरच. आमच्याकडच्या रोपवाटिकांनी पिढ्यान्पिढ्या हाच उद्योग केला आणि हे नक्कल करणारे हात गावात मानाचे मानले जातात. ज्याचा डोळा जास्त लागतो त्याला लांबून बोलावणे येते.

शेतीच्या बाबतीत कायद्यानेही हे मान्य केले आहे. २००१ चा पिकांच्या वाणांचे संरक्षण आणि शेतकऱ्यांच्या हक्कांचा कायदा आहे. एखाद्याने नवे वाण काढून नोंदवले, तरी शेतकऱ्याने ते बियाणे राखून ठेवावे, पुन्हा पेरावे, शेजाऱ्याला द्यावे, अगदी विकावेसुद्धा, अशी मुभा या कायद्यात आहे. फक्त एक गोष्ट करता येत नाही. त्या वाणाच्या नावाची छापील पिशवी करून, त्या नावावर ते विकता येत नाही. बी घ्या, नाव घेऊ नका. मला हे कलम फार आवडते. कायदे करणारांमध्ये एखादा शेतकरी असावा, किंवा एखादा कवी.

नावाचा विषय निघालाच आहे तर आमच्या भागाचे एक जुने दुखणे सांगून टाकतो. संत्र्यांच्या बागा वरुड-मोर्शीकडे मैलोन्मैल पसरलेल्या, पण जगभर नाव नागपुरी संत्र्याचे. २०१४ मध्ये त्या नावाला भौगोलिक मानांकनही मिळाले. त्याचा लाभ आम्हालाही होतो, नाही असे नाही. पण पेटीवर नाव नागपूरचे. आणि आमचे कौतुक करायचे झाले की लोक वरुडला 'विदर्भाचा कॅलिफोर्निया' म्हणतात, म्हणजे तिथेही नाव दुसऱ्याचेच! त्यामुळे माल आपला आणि नाव भलत्याचे, ही गोष्ट आम्हा लोकांना समजावून सांगावी लागत नाही.

आता गाण्याचा कायदा. आपल्याकडचा कॉपीराइट कायदा १९५७ चा. त्यात अनेकदा दुरुस्त्या झाल्या. त्यातले सामान्य माणसाच्या कामाचे तेवढेच सांगतो. स्वतःच्या खासगी उपयोगासाठी रास्त वापर केला तर तो हक्कभंग नाही, असे कलम ५२ म्हणते. तुम्ही विकत घेतलेली सीडी प्रवासात ऐकायला पेन ड्राइव्हवर उतरवली तर कोणी तुमच्या दारात येणार नाही. पण 'रास्त' या शब्दात सगळी मेख आहे. कोणीतरी परवानगीशिवाय इंटरनेटवर चढवलेले गाणे उतरवून घेणाऱ्याचा बचाव तितका पक्का नाही. आणि पैसे घेऊन कार्ड भरून देणारा तर सरळच कायद्याबाहेर आहे. जाणूनबुजून केलेल्या हक्कभंगाला सहा महिने ते तीन वर्षे कैद आणि पन्नास हजार ते दोन लाख रुपये दंड, ही तरतूद १९८४ पासून आहे. महाराष्ट्राने तर १९८१ च्या एका कडक कायद्यात झोपडपट्टीदादा, हातभट्टीवाले आणि धोकादायक व्यक्ती यांच्या पंगतीला २००९ मध्ये व्हिडिओ पायरेटनाही नेऊन बसवले. आमच्या स्टँडवरचा तो सडपातळ पोरगा काही त्या वर्गातला नव्हता, पण त्या पंगतीच्या शेजारच्या गल्लीत आपण उभे आहोत, हे त्याच्या गावीही नव्हते.

लग्नाच्या वरातीत बँडवाल्याने गाणे वाजवले तर चालते का, असे मला लोक हटकून विचारतात. चालते. खऱ्याखुऱ्या धार्मिक समारंभात आणि वरातीसह लग्नाच्या सोहळ्यात गाणे वाजवण्याला कायद्यात सूट आहे. तरीही वसुलीच्या तक्रारी येत राहिल्या, तेव्हा केंद्र सरकारने जुलै २०२३ मध्ये जाहीर सूचना काढून ते पुन्हा स्पष्ट केले. कार्यालयवाल्यांनी ही सूचना छापून भिंतीवर लावावी.

ज्यांना आपण आज गाण्याचे मालक म्हणतो, त्यांचाही इतिहास धुतल्या तांदळासारखा नाही. एके काळी गाणे म्हणजे एचएमव्ही आणि एचएमव्ही म्हणजे गाणे, असा कारभार होता. रेकॉर्ड महाग, रेकॉर्ड वाजवायचे यंत्र त्याहून महाग. दिल्लीच्या दर्यागंजमध्ये फळांचा रस विकणाऱ्या कुटुंबातल्या गुलशन कुमार यांनी ऐंशीच्या दशकात टी-सिरीज उभी केली आणि कॅसेट गरिबाच्या हाती दिली. जुनी गाजलेली गाणी नव्या गळ्यांतून गाऊन घ्यायची आणि स्वस्तात विकायची, ही त्यांची मोठी युक्ती. १९५७ च्या कायद्यात त्याला वाट होती. मूळ ध्वनिमुद्रण होऊन दोन वर्षे झाली की सूचना देऊन आणि ठरावीक रॉयल्टी भरून ते गाणे नव्याने मुद्रित करता येत असे. २०१२ मध्ये ही मुदत पाच वर्षे झाली. म्हणजे नक्कल कायद्यातही होती. प्रश्न एवढाच की त्यातून मूळ माणसापर्यंत काय पोचते.

पैसा पोचावा का, यावर तर आपल्या दोन दैवतांमध्येच भांडण झाले होते. साठच्या दशकात लताबाईंनी म्हटले, रेकॉर्ड विकली जाईल तसा गायकालाही हिस्सा मिळावा. मोहम्मद रफींनी म्हटले, मानधन घेतले, गायलो, व्यवहार संपला. या वादात दोघे काही वर्षे एकत्र गायले नाहीत. मी रफीसाहेबांचा भक्त आहे, पण या बाबतीत लताबाईंच्या बाजूचा. रफीसाहेबांचे म्हणणे फकिराचे होते आणि बाजार फकिरी पाळत नाही. फकिराने सोडलेला पैसा गरिबाकडे जात नाही, तो कंपनीच्या वहीत जमा होतो.

गीतकार-संगीतकारांचे तर त्याहून वाईट. १९७७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की निर्मात्याने पैसे देऊन गाणे लिहून घेतले आणि वेगळा करार केलेला नसला, तर हक्क निर्मात्याचा. पुढे पस्तीस वर्षे तसेच चालले. जावेद अख्तर राज्यसभेत गेले, त्यांनी हा प्रश्न लावून धरला, आणि २०१२ ची दुरुस्ती झाली. चित्रपटगृहाबाहेर गाणे जिथे जिथे वापरले जाईल, तिथल्या रॉयल्टीत गीतकार आणि संगीतकार यांचा बरोबरीचा वाटा आला, आणि तो वाटा वारसांखेरीज किंवा त्यांच्या संस्थेखेरीज कोणाला लिहूनच देता येत नाही. कवी घाईत सही करतो, हे कायद्याने प्रथमच ओळखले.

पण पैशाचे एवढे सांगूनही मला असे वाटते की कॉपी करण्याने कवीचे पहिले नुकसान पैशाचे होत नाही. पहिले जाते ते नाव.

आपल्या पूर्वजांना हे पक्के ठाऊक होते. त्यांच्याकडे ना छापखाना, ना कायदा. अभंग तोंडातून तोंडात, वहीतून वहीत जाणार, हे त्यांनी गृहीतच धरले होते. नक्कल थांबवण्याचा विचारही त्यांनी केला नाही. त्यांनी काय केले? नाव शेवटच्या ओळीत विणून टाकले. तुका म्हणे, नामा म्हणे, जनी म्हणे. शेख महंमद श्रीगोंदेकरांनी तेच केले. फारसी-उर्दू गझलेत शेवटच्या शेरात कवीचे उपनाव येते, त्या शेराला मक्ता म्हणतात. आमच्या अमरावती जिल्ह्यातच जन्मलेल्या राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांच्या भजनात शेवटी 'तुकड्या' किंवा 'तुकड्यादास' असतेच. वामनदादा कर्डकांच्या गाण्यात 'वामन' येतो. गावोगावच्या गायनपार्ट्यांनी वामनदादांची गाणी विचारून गायली नाहीत, आणि त्यांनीही ती मुक्तपणे वाटली. पण शेवटच्या ओळीत वामन बसलेला असे. तो काढायचा तर यमक मोडते.

नाव काढणारेही तेव्हापासूनच होते. तुकोबांच्या काळी सालोमालो होता, दुसऱ्याच्या अभंगाला आपले नाव लावणारा. १९३६ चा प्रभातचा 'संत तुकाराम' ज्यांनी पाहिला त्यांना तो सालोमालो विसरता येणार नाही. विष्णुपंत दामले आणि शेख फत्तेलाल यांनी दिग्दर्शित केलेला हा चित्रपट. आता गंमत पाहा. याच चित्रपटात बीजाचे आणि वृक्षाचे ते प्रसिद्ध गीत आहे. ते लिहिले शांताराम आठवले यांनी. पण ते इतके तुकोबांच्या वळणाचे उतरले की लोकांनी ते तुकोबांचेच मानले आणि जाणकारांनी गाथेत शोधले. आजही भजनी मंडळांत ते तुकोबांचे म्हणून गायले जाते. चोरीच्या गोष्टीवरचा चित्रपट, त्यात कोणीही चोरी न करता एका कवीचे नाव गेले. आठवल्यांना त्याचा अभिमान वाटला असेल की वाईट, हा विचार माझ्या मनात अनेकदा येतो. मला स्वतःला दोन्ही वाटले असते.

यंत्र आल्यावर नावाची ही विद्या गायकांनी उचलली. नोव्हेंबर १९०२ मध्ये कलकत्त्यात गौहरजानचे गाणे मुद्रित झाले. गाणे संपता संपता ती आपले नाव इंग्रजीत मोठ्याने सांगते. रेकॉर्ड जर्मनीत हॅनोव्हरला छापल्या जात, तिथल्या कारागिराला लेबल लावताना कळावे म्हणून. हा मक्ताच की! उलट १९४९ च्या 'महल'मधले ते झोपाळ्यावरचे गाणे बाहेर आले तेव्हा रेकॉर्डवर गायिकेचे नाव 'कामिनी' होते, म्हणजे चित्रपटातल्या पात्राचे. श्रोत्यांनी आकाशवाणीला पत्रांवर पत्रे लिहिली, ही बाई कोण? तेव्हा लता मंगेशकर हे नाव सांगितले गेले. गीतकाराचे नाव कोणी विचारले नाही, ते नक्षब जारचवी यांचे गीत होते. आकाशवाणीवर गाण्याआधी गीतकाराचे नाव घेतले जावे हा आग्रह साहिर लुधियानवींनी धरला, असे सांगतात. ज्या माध्यमातून मी आज बोलतो आहे त्याच्यावर आम्हा शब्दवाल्यांचा हा एक उपकार आहे, आणि निवेदक घाईत असला तरी तो नियम पाळतो.

आणि आकाशवाणीचेच आणखी एक. १ एप्रिल १९५५ रोजी पुणे केंद्रावरून गीतरामायण सुरू झाले. वर्षभरात छप्पन्न गीते. ऐकणाऱ्यांना शब्द हवे असत आणि गाणे पेन्सिलीपेक्षा जोरात पळते. पुण्याची वर्तमानपत्रे दर आठवड्याला नवे गीत छापू लागली. घरोघरी वह्या भरल्या. त्या वह्यांत वरती लिहिलेले असे: गीत ग. दि. माडगूळकर, संगीत सुधीर फडके. ती नक्कल कोणाला चोरी वाटली नाही, कारण नाव जागेवर होते. कायद्याच्या हिशेबाने गदिमा १९७७ मध्ये गेले म्हणून शब्दांवरचा हक्क २०३७ अखेरपर्यंत आणि बाबूजी २००२ मध्ये गेले म्हणून चालींवरचा २०६२ अखेरपर्यंत. एकाच गाण्याचे दोन वेगळे हिशेब, आणि ध्वनिमुद्रणाच्या हक्काची साठ वर्षे त्याहून वेगळी.

आता माझी गोष्ट. नव्वदच्या दशकात माझी एक गझल एका दिवाळी अंकात छापून आली होती. दोन-तीन वर्षांनी वरुडहून मोर्शीला काळी-पिवळीने चाललो होतो. ड्रायव्हरने टेप लावला आणि तीच गझल सुरू झाली. चाल चांगली होती, गळाही चांगला. ड्रायव्हरने आवाज वाढवला, मागे कोणीतरी वा म्हणाले. मी शेवटच्या शेराची वाट पाहत बसलो. तो आलाच नाही. ज्या शेरात माझे उपनाव होते तेवढाच गाळलेला. मोर्शीला उतरताना मी कॅसेटचे कव्हर पाहायला मागितले. त्यावर गायक, संगीतकार, वादक, ध्वनिमुद्रक, फोटोग्राफर, सगळ्यांची नावे होती. पुढे छापले होते, 'गीत : पारंपरिक'. त्या वेळी माझे वय तिशीच्या आतले. इतक्या लवकर परंपरेत जमा होण्याचा मान फार थोड्यांना मिळतो.

कंपनीला दोन पत्रे लिहिली. कंपनी लहानशी होती, नाव सांगत नाही. उत्तर आले की गायकाने आणून दिले, आम्हाला वाटले जुने असेल. अमरावतीच्या एका वकिलांना भेटलो. त्यांनी कलम ५७ उघडून दाखवले. हक्क विकून टाकला तरी ही कृती माझी आहे असे म्हणण्याचा लेखकाचा हक्क उरतोच, आणि त्यासाठी न्यायालयात भरपाई मागता येते. दिवाळी अंक हा पुरावा होता. पण दाव्याचा खर्च ऐकल्यावर वकिलांनीच चहा मागवला. त्यांनी आणखी एक कलम वाचून दाखवले, ५२ अ. १९८४ मध्ये बनावट कॅसेटना आळा घालण्यासाठी आणलेले. प्रत्येक कॅसेटवर काय छापलेच पाहिजे याची त्यात यादी आहे. मुद्रण करणाऱ्याचे नाव-पत्ता, हक्काच्या मालकाचे नाव-पत्ता, प्रकाशनाचे वर्ष. न छापल्यास तीन वर्षांपर्यंत कैद. कवीचे नाव त्या यादीत नाही.

पुढे ती कॅसेट भरून देणाऱ्यांकडे गेली. भरून देताना कव्हर कोणी भरून देत नाही. मग तीच गझल मेमरी कार्डावर गेली. स्टँडवरच्या त्या पोराच्या कॉम्प्युटरमध्ये मला ती सापडली, नाव होते 'गजल ०७'. कव्हरवर निदान 'पारंपरिक' तरी होते, गायकाचे नाव तरी होते. आता तोही बिचारा गेला. मला त्या दिवशी त्याच्याबद्दल अजिबात समाधान वाटले नाही. तो दर्यापूरकडचा गुणी माणूस होता, असे नंतर कळले.

त्या लहान कंपनीचे काय झाले, तेही सांगितले पाहिजे. आमच्या भागात अशा दोन-चार कंपन्या होत्या. खंजिरी भजन, वऱ्हाडी गमतीजमती, कव्वाली, दंडार, असे काहीबाही काढायच्या. मुंबईची कोणतीही मोठी कंपनी ज्यांच्याकडे पाहणार नाही अशा माणसांचे आवाज त्यांच्यामुळे गावाबाहेर गेले. त्यांनी मला पारंपरिक केले हे खरे, पण शंभर गायकांना त्यांनी पहिल्यांदा मायक्रोफोनपुढे उभे केले. कार्ड भरण्याचा धंदा सुरू झाला तसा त्यांचा धंदा बसला. मोठ्या कंपन्या टिकल्या, काही तर आणखी मोठ्या झाल्या. फुकट गाण्याने राजाच्या कोठारातले चार दाणे गेले असतील, लहान शेतकऱ्याचे बियाणेच गेले. माझ्या लेखी कॉपीच्या धंद्याविरुद्धचा खरा मुद्दा हा आहे, आणि तो मोठ्या कंपन्यांच्या जाहिरातीत मी कधी वाचला नाही.

उलट एक नक्कल माझ्या घरात जपून ठेवली आहे. सुरेश भटांनी 'गझलेची बाराखडी' नावाची छोटी पुस्तिका लिहिली आणि लिहू पाहणाऱ्या मुलांना ते ती पोस्टाने पाठवत. ज्याला मिळाली त्याने झेरॉक्स काढून चौघांना दिली. माझ्याकडे आहे ती झेरॉक्सची झेरॉक्स, काही अक्षरे नुसते ठिपके झालेली. मतला काय, काफिया काय, मक्ता काय, हे मी मराठीत तिच्यातून शिकलो. पहिल्या पानावरचे नाव मात्र स्वच्छ वाचता येते. अमरावतीला बी. ए. करताना आम्ही चार मित्र ती पाळीपाळीने घरी नेत होतो.

२०१६ मध्ये स्वस्त इंटरनेट आले आणि कार्ड भरण्याची दुकाने ओसरली. तो पोरगा आता मोबाइलच्या काचा बदलतो. उतरवून घेण्याची गरजच उरली नाही, गाणे बोटाखाली आहे. काही कंपन्या-ॲप मूळ माणसाला थोडेबहुत पैसे देतातही. पण नावाचे दुखणे तसेच. २०२० मध्ये स्वानंद किरकिरे, कौसर मुनीर, वरुण ग्रोवर आणि इतर गीतकारांनी एकत्र येऊन, आमची नावे द्या हो, एवढेच मागणारे एक गाणे काढले. मुंबईतल्या एवढ्या नामवंतांना गाण्यात अर्ज करावा लागतो, तिथे शेंदूरजनाघाटचे काय! व्हॉट्सॲपवर तर उलटाच प्रकार. कोणाचीही कविता कुसुमाग्रजांच्या किंवा गुलजारांच्या नावाने फिरते. पूर्वी नाव जायचे, आता वर दुसऱ्याचे बसते. सालोमालो निदान स्वतःचे नाव लावायचा.

तुकडोजी महाराज १९६८ मध्ये गेले. त्यांच्या शब्दांवरचा स्वामित्वहक्क २०२८ च्या अखेरीस संपेल. १ जानेवारी २०२९ पासून ती भजने कायद्यानेही सर्वांची होतील. खंजिरीवाल्यांना त्या दिवशी काही वेगळे वाटणार नाही, त्यांनी आधीही कोणाला विचारले नव्हते. शेवटची ओळ मात्र ते आजवर गाळत आलेले नाहीत, आणि कोणी गाळलीच तर समोर बसलेल्या बाया पूर्ण करतात.

मी आता गायकांना अर्ध्या पानावर परवानगी लिहून देतो. गा, मुद्रित करा, इंटरनेटवर चढवा, कार्डावर भरा, लग्नात वाजवा. पैसे मिळाले तर कायद्याने माझा जो वाटा होतो तो द्या, न मिळाले तर मागणार नाही. एकच अट: मक्ता कापू नका. गेल्या वर्षी वरुडच्या एका मुलाने असे पान नेले. गझल त्याने फार सुरेख गायली, मक्ता तर दोनदा आळवला. व्हिडिओखाली माझे नावही घातले, पण आडनावातले एक अक्षर चुकवले. मी फोन केला. "चाचा, आत्ता दुरुस्त करतो," म्हणाला. परवा पाहिले, दुरुस्त केले आहे. आता पहिल्या नावात चूक आहे. उद्या पुन्हा फोन करणार आहे.